हेवी मेटलचा जमाखर्च

नंदाखालच्या बाजूस, आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, केळीच्या एका वाडीत माझे एक वयोवृद्ध स्नेही राहतात. उभी हयात त्यांनी तहसील कचेरीच्या दप्तरखान्यात काढली. सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नोंदी आणि पिवळ्या पडलेल्या कैफियती यांच्या सहवासात माणसाचा स्वभाव जितका सावध, संशयी आणि कागदाला चिकटून राहणारा व्हावा तितका त्यांचा झाला आहे. आणि तरीही या दप्तरी गृहस्थाने तरुणपणापासून उतारवयापर्यंत गावच्या ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजविले, ही गोष्ट परक्यास विसंगत वाटली तरी वसईत ती मुळीच विसंगत नाही. येथील ख्रिस्ती लग्न बँडावाचून लागत नाही असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही, आणि रविवारी पांढरे बूट घालून वाजविणारा मनुष्य बाकीचे सहा दिवस वाडीला पाणी लावीत असतो, कचेरीत खर्डेघाशी करीत असतो किंवा शाळेत भूगोल शिकवीत असतो, हेही सर्वांस ठाऊक असते.

त्यांना सारी आळी मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो. मात्र रक्ताच्या नात्याने ज्याचे ते मामा, असा त्यांचा एक भाचा आहे. तो वालीवच्या एका लहानशा कारखान्यात डायमेकर आहे. पत्रा कापणारे, वाकविणारे, त्याला भोके पाडणारे जे पोलादी साचे पॉवर प्रेसवर चढवितात ते घडविण्याचे काम तो करतो आणि सुट्टीच्या दिवशी गिटार वाजवितो. ईस्टरनंतरच्या रविवारी तो आला तेव्हा मी मामांच्या ओटीवरच बसलो होतो. बावखलाचे, म्हणजे वाडीतल्या तळ्याचे, पाणी तळाला गेले होते, वाडीत पंप धडधडत होता, आणि भाच्याच्या अंगातल्या काळ्या टी-शर्टावर काटेरी, एकमेकांत गुंतलेली, धुऊन धुऊन निम्मी झडलेली अशी काही अक्षरे होती. मामांनी चष्मा वर केला, खाली केला. दप्तरखान्यातली शंभर वर्षांपूर्वीची मोडी ज्यांना कधी अडली नाही त्यांना ती अक्षरे अडली.

मामा : ही कोणती लिपी म्हणायची?

भाचा : इंग्रजीच आहे, मामा. डेमॉनिक रिझरेक्शन. मुंबईचा बँड आहे, साहिल मखिजाने २००० साली काढलेला.

मामा : म्हणजे सैतानी पुनरुत्थान! गेल्या रविवारी आपण देवळात कोणाचे पुनरुत्थान साजरे केले याची तुझ्या शर्टाला काही वार्ता?

भाचा : नावावर जाऊ नका. आपल्या आळीच्या क्रिकेट संघाच्या नावात वाघ आहे. त्यातला एक तरी झेल धरतो का?

मामा हसले. मला वाटले, आता हा गोंगाट की हे संगीत, हा नेहमीचा वाद जुंपणार. पण तो वाद त्या घरात पूर्वीच, उभय पक्ष थकल्यामुळे, तहकूब झालेला होता, आणि तोही अशा एका मुद्द्यावर की जो मला अगदी अनपेक्षित होता. मामांचे म्हणणे असे की, धातूचा मोठा आवाज काढून दूरच्या माणसाला हलविणे ही विद्या वसईला कोणी शिकवावी असे नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा इथल्या देवळांतल्या घंटा घाटावर गेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात गोदावरीच्या काठी टांगली आहे, एक मेणवलीला कृष्णेच्या घाटावर. तांबे आणि कथील यांचे ते मिश्रण; देव बदलला, नदी बदलली, पण नाद तोच राहिला.

मामा : जड धातू तो हाच. तुमच्या तारा म्हणजे सारी किरकोळ विक्री.

भाचा : गंमत अशी की, तुमचे म्हणणे आमच्या शास्त्राला धरूनच आहे. हे संगीत जिथून सुरू झाले असे सगळे मानतात ती ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी १९७० ची. आणि तिच्या आरंभी गिटार नाही, ढोल नाही. पाऊस पडतो आहे आणि दूर देवळाची घंटा वाजते आहे.

मामा : घंटा? कोणत्या गावची?

भाचा : ही मंडळी बर्मिंगहॅमची, कारखान्यांच्या गावची. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडायच्या शेवटच्या दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने साबणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोपणे केली, वर चामडे चिकटविले, आणि दुखू नये म्हणून पुढे तारा सैल केल्या. तार सैल झाली की सूर खाली उतरतो. हा जो खालचा, जडशीळ आवाज आहे ना, त्याच्या मुळाशी एका कामगाराचा अपघात आहे.

हे सांगताना भाच्याचा हात नकळत प्रेसच्या चौकटीची उंची दाखवू लागला होता. त्याच्या ओळखीच्या एका शेडमध्ये प्रेसला दोन बटणे आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे दाबल्यावाचून ठोकळा खाली येऊ नये, म्हणजे हात साच्यात राहू नये, अशी ती योजना. पण माल लवकर निघावा म्हणून एका बटणात काडी खुपसून ते कायमचे दाबून ठेवतात. मग एक हात मोकळा होतो, आणि एखाद्या दिवशी तोच हात आत राहतो. “तिथे आठ तास उभे राहिलात तर तुम्हाला त्या संगीताचा ताल समजावून सांगावा लागणार नाही,” असे तो म्हणाला. मला हा पुरावा कोणत्याही संगीतशास्त्रीय प्रतिपादनापेक्षा अधिक वजनदार वाटला. मामांनीही त्यावर उलट तपासणी केली नाही.

खरा वाद पुढेच होता. तो निघाला मेटॅलिकाच्या चरित्रावरून. भाच्याची इच्छा अशी की त्या अमेरिकन बँडाची कारकीर्द मामांनी एकदा सलग ऐकावी. मामांची अट अशी की सांगायचे तर कैफियतीसारखे सांगावे, साल आणि हकिकत, स्तुती नको.

भाचा : १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये लार्स उलरिक नावाच्या मुलाने जाहिरातींच्या एका पत्रात जाहिरात दिली की ढोलवाल्याला साथीदार हवेत. मूळ डेन्मार्कचा तो, टेनिसपटूचा मुलगा. जाहिरातीला जेम्स हेटफिल्डने उत्तर दिले. पुढच्या वर्षी त्यांनी नमुन्याची एक कॅसेट काढली. ती दुकानात नव्हती. या मुलाने त्या मुलाला नक्कल करून द्यायची, त्याने तिसऱ्याला पोस्टाने धाडायची, अशी ती देशभर फिरली. न्यू जर्सीच्या एका बाजारात जॉन झझूला रेकॉर्डांचे दुकान चालवीत असे, त्याच्या कानी ती पडली आणि त्याने या पोरांना पूर्वेकडे बोलावून घेतले.

मामा : थांब. नक्कल फुकट?

भाचा : फुकट. नाहीतर टपालखर्च.

मामा : नोंद केली. पुढे?

भाचा : १९८३ च्या एप्रिलात न्यूयॉर्कला पोचताच त्यांनी आपला गिटारवाला डेव्ह मस्टेन याला दारूपायी आणि भांडखोरपणापायी काढून टाकले. सकाळी झोपेतून उठविले, सांगितले, आणि परतीच्या बसमध्ये बसवून दिले. चार दिवसांचा प्रवास.

मामा : कारणे दाखवा नोटीस?

भाचा : नाही.

मामा : मग ती बडतर्फी बेकायदेशीर. आमच्या कचेरीत शिपायालाही सात दिवसांची मुदत असे.

भाचा : त्याने जाऊन मेगाडेथ नावाचा दुसरा बँड काढला आणि तोही जगभर गाजला. इकडे त्याच्या जागी कर्क हॅमेट आला आणि जुलैत पहिली तबकडी निघाली. बास वाजवायला क्लिफ बर्टन होता. त्याची अट अशी होती की मी तुमच्या गावी येणार नाही, तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोला या. सगळे बिऱ्हाड हलवून त्याच्याकडे गेले. १९८६ च्या मार्चमध्ये ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आली. अजून पुष्कळ लोक तीच त्यांची सर्वोत्तम मानतात. आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला, स्वीडनमध्ये रात्रीच्या प्रवासात, बस उलटली आणि बर्टन गेला. झोपायची चांगली जागा कोणाला, म्हणून त्यांनी आदल्या रात्री पत्ते काढले होते. इस्पिकचा एक्का बर्टनला आला आणि ती जागा त्याने घेतली.

यावर मामा काही बोलले नाहीत. वाडीतला पंप कोणीतरी बंद केला होता, त्यामुळे ती स्तब्धता जरा अधिकच जाणवली. बँडाच्या टेम्पोतून रात्री-अपरात्री लग्नाहून परतणाऱ्या मनुष्याला या हकिकतीत परकेपणा कसला वाटावा?

पुढची हकिकत भाच्याने भराभर सांगितली, आणि मीही ती तशीच सांगतो. बर्टनच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडला बाकीच्यांनी वर्षानुवर्षे छळले. १९८८ च्या तबकडीत त्याचा बास इतका दाबून टाकला की तो ऐकूच येत नाही. (“बासवाल्याला दाबणारा बँडमास्तर नरकात जातो,” हा मामांचा शेरा मी येथे मुद्दाम नोंदवितो.) १९९१ साली बँडाच्याच नावाची काळ्या वेष्टनाची तबकडी निघाली, गाणी आखूड झाली, चाली सोप्या झाल्या, आणि एकट्या अमेरिकेत तिच्या दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या. नंतर त्यांनी केस कापले, तेव्हा जुन्या भक्तांनी जो आक्रोश केला तो त्यांनी चाली सोप्या केल्या तेव्हाही केला नव्हता. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिम्फनी वाद्यवृंदाबरोबर ते वाजविते झाले. येथवर सर्व ठीक होते.

भाचा : आणि २००० च्या एप्रिलात त्यांनी नॅप्स्टरवर फिर्याद केली. इंटरनेटवरून लोक एकमेकांना गाणी फुकट देत होते. यांचे एक अपुरे, अप्रकाशित गाणे त्या वाटेने फुटून रेडिओवर वाजू लागले, तेव्हा यांनी कोर्ट गाठले. तिथेही थांबले नाहीत. आपली गाणी घेणाऱ्या ३ लाख ३५ हजारांहून अधिक माणसांची यादी केली आणि उलरिक ती घेऊन स्वतः नॅप्स्टरच्या दारात गेला, की या सगळ्यांना बंद करा. मामा, ज्यांनी कॅसेटच्या नकला फिरवून या माणसांना मोठे केले त्यांच्याच धाकट्या भावांची ती यादी होती! त्या दिवशी ते माझ्या लेखी संपले.

मामा : म्हणून तू २०११ साली रजा काढून बंगळूरला गेलास?

भाचा जरा वरमला. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटॅलिका प्रथमच हिंदुस्थानात आली. दिल्लीनजीक गुरगावचा २८ तारखेचा जलसा ऐन वेळी रहित झाला, चिडलेल्या लोकांनी मोडतोड केली, आयोजकांपैकी काहींना पोलिसांनी धरले. आणि ३० तारखेस बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर तो झाला. भाचा वसईहून तेथे गेला होता, भर गर्दीत उभा राहिला होता, आणि (हे त्याने मला नंतर एकांतात सांगितले) रडला होता.

भाचा : गेलो. देवावर रागावलेला मनुष्यही देवळात जातो.

मामा : आता माझे ऐक. तू म्हणतोस ते अपराधी. मी म्हणतो, त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत कायद्याला धरून केलेले हे पहिलेच कृत्य. मस्टेनला काढले ते बेकायदा, बासवाल्याला दाबले ते बेकायदा. पण वस्तू माझी, तिचा हक्क माझा, ती माझ्या परवानगीवाचून कोणी वाटू लागला तर मी फिर्याद करणार. जमीन पडीक दिसली म्हणून ती गावाची होत नाही. आपल्या वसईत काय झाले? ज्याचा कागद पक्का नव्हता त्याच्या वाडीवर आज चार मजली चाळ उभी आहे, आणि तो मनुष्य अजून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आहे. मी दप्तरखान्यात होतो. कागद न करणाऱ्या भल्या माणसांची काय दशा होते ते मी पाहिले आहे.

भाचा : जमीन एकाने घेतली की दुसऱ्याला उरत नाही. गाणे तसे नाही. मी तुमच्याकडून घेतले तरी तुमच्यापाशी ते आहेच. आणि वालीवच्या पोराला, ज्याच्या बापाने घरात तबकडी कधी आणली नाही, त्याला ते दुसऱ्या कोणत्या वाटेने मिळणार होते? चर्चगेटच्या दुकानात आयात केलेल्या कॅसेटची किंमत विचारून मी परत येत असे.

मामा : गरिबाला चोरी माफ असेल, पण म्हणून ती चोरी नव्हे असे होत नाही. आणि गवयाने खावे काय?

हा प्रश्न मामांनी सहज टाकला, पण सारा वाद मुळात यावरच उभा होता. माझे मत विचाराल तर फिर्यादीचा हक्क मेटॅलिकाला निःसंशय होता. पुढल्याच वर्षी उभयपक्षी तडजोड झाली, आणि काही वर्षांतच गाणी विकत घेण्याची व भाड्याने ऐकण्याची रीतसर व्यवस्था जगभर रूढ झाली, हेही त्यांच्या बाजूने मांडता येईल. चूक झाली ती यादीत. नॅप्स्टर ही पेढी होती, तिला कोर्टात ओढणे योग्य; पण कीर्तनकाराने दारातल्या वहाणा मोजून पोलिसांत देऊ नयेत. आणि त्याचे फळ म्हणा वा योगायोग म्हणा, लगेचच त्या घराला उतरती कळा लागली : २००१ च्या जानेवारीत न्यूस्टेड सोडून गेला, उन्हाळ्यात हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला, आणि उरलेल्यांनी एकमेकांशी बोलावे कसे हे शिकविण्यास महिना ४० हजार डॉलरांवर एक समुपदेशक ठेवावा लागला. त्याचा एक चित्रपटही निघाला आहे. कोट्यधीश प्रौढ माणसे एका खोलीत बसून लहान मुलांप्रमाणे रुसतात, दारे आपटतात, असे ते दृश्य आहे. मी पाहिले, आणि मला आमच्याकडील कित्येक एकत्र कुटुंबे आठवली. घर मोडले मात्र नाही. २०२३ मध्येही त्यांची नवी तबकडी आलीच.

“गवयाने खावे काय” या प्रश्नाला उत्तर म्हणून भाच्याने आपल्या शर्टावर बोट ठेवले.

भाचा : याचे उत्तर या माणसाने दिले आहे. मुंबईत अशा संगीताला जागाच नाही. धोबीतलावला झेवियर कॉलेजच्या बाजूला रंगभवन होते, उघडे नाट्यगृह. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉकचे जलसे तिथले नावाजलेले. आमच्याकडची थोरली मुले विरार गाडीने जात आणि शेवटच्या गाडीने परत येत. पुढे आवाजाचे नियम आले. इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्या भोवतालचे १०० मीटर शांतता क्षेत्र. आणि तिथे तर तिन्ही हाकेच्या अंतरावर. रंगभवन मुके झाले.

मामा : नियम रास्त होता. आजारी माणसाच्या उशाशी ढोल नको.

भाचा : नियम रास्तच होता, पण मुलांनी जावे कुठे हे नियमात नव्हते. मग या मखिजाने जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसेरसमध्ये ‘रिझरेक्शन’ नावाचे जलसे आपणच भरविले, तबकड्या काढायची कंपनीही आपणच काढली, दुसऱ्यांच्या तबकड्याही काढल्या. २०१० साली लंडनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाने त्याच्या बँडाला बक्षीस दिले. त्याच वर्षी ते नॉर्वेला वाजवून आले. २०१४ साली जर्मनीत वाकेनच्या जलशात वाजविले, जिथे जाणे म्हणजे आमची पंढरीची वारी. माणसे येत गेली, नोकरीसाठी सोडून जात गेली. हा एकटा टिकून राहिला.

मामा : आणि खातो काय?

भाचा : स्वयंपाक करतो.

मामा : म्हणजे?

भाचा : यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’ म्हणून त्याचा कार्यक्रम आहे. आधी बँडवाल्यांना बोलावून मुलाखत घ्यायचा आणि त्यांना काहीतरी करून घालायचा. पुढे भात-पोळी-साखर वर्ज्य करून तूप, मांस, अंडी यांवर राहायचा जो पथ्याचा प्रकार आहे, त्याच्या पाककृती दाखवू लागला, आणि ते जगभर पाहिले जाऊ लागले. मेटलने जे दिले नाही ते पनीर-चिकनने दिले.

मामा : हा गवई की आचारी?

भाचा : दोन्ही. म्हणून त्याला कोणावर फिर्याद करावी लागली नाही. तबकडी विकली तर विकली.

मामा : हे उत्तर नव्हे, ही लाचारी आहे. स्वयंपाकाच्या पैशावर गायनाची हौस! लोहाराने भाकरी न्हाव्याच्या धंद्यावर खावी आणि घणाचे घाव हौसेने घालावेत, हा कुठला न्याय? ते अमेरिकन उर्मट असतील, पण त्यांनी जगाकडून आपल्या घणाचे मोल वसूल करून घेतले. तुमच्या मुंबईच्या माणसाच्या कलेचे मोल कोणी दिले नाही. आणि तू त्यालाच वैराग्य म्हणतोस.

मला हा हल्ला बिनतोड वाटला. भाच्यालाही वाटला असावा, कारण त्याने तोंडी उत्तर न देता खिशातून फोन काढला आणि ‘दशावतार’ ही डेमॉनिक रिझरेक्शनची २०१७ ची तबकडी लावली. दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचे एक. ईस्टरच्या सप्ताहात, ख्रिस्ती घराच्या ओटीवर, केळीच्या वाडीकडे तोंड करून, सैतानाच्या नावाचा बँड विष्णूचे अवतार सांगू लागला, आणि मामा डोळे मिटून गुडघ्यावर बोटे आपटीत ऐकू लागले. पहिले गाणे संपेपर्यंत त्यांनी मान हलविली नाही. संपल्यावर म्हणाले, “ढोलवाला पक्का आहे. कुठे धावत नाही.” मग थोडे थांबून : “गाणाऱ्याने मात्र घशाला काही लावावे.”

मग भाच्याने, मला वाटते मुद्दाम, विचारले, “मामा, तुमच्या बँडाच्या त्या जुन्या चाली कोणाच्या?”

मामा उठून आत गेले आणि जाड पुठ्ठ्याची एक वही घेऊन आले. तिच्यात पाच रेघांवर शाईने काढलेली स्वरलिपी होती : मार्च, वॉल्ट्झ, वरातीची गाणी, हिंदी सिनेमाच्या चाली, सारे एकाच सुबक कारकुनी अक्षरात. ही वही शेजारच्या गावच्या बँडमास्तरांच्या वहीवरून उतरवून घेतली होती. त्यांनी ती गोव्याच्या कोणा वादकाच्या वहीवरून उतरविली होती. त्यापूर्वीचा फेरफार मामांच्या दप्तरात नव्हता.

भाचा : परवानगी?

मामा : घेतली. राजेळी केळ्यांचा घड आणि सुकेळ्यांची एक परडी घेऊन मी आणि माझा थोरला भाऊ गेलो. मास्तरांनी आम्हाला चार रविवार बसवून ठेवले, आधी वाजवून दाखवा म्हणाले, चुकलो तेव्हा ओरडले, आणि मग वही हातात दिली. फुकट नव्हती ती.

भाचा : पण ज्याने सिनेमाची चाल बांधली त्याला केळी पोचली नाहीत.

मामांनी वहीचे पान उलटले. दप्तरखान्यातला मनुष्य गैरसोयीचा कागद लपवीत नाही; तो फक्त पुढचा कागद काढतो. पुढची पाने हिशेबाची होती. प्रत्येक लग्नाची तारीख, गाव, ठरलेली बिदागी, त्यातून टेम्पोचे भाडे वजा, चहापाणी वजा, आणि उरलेल्या रकमेचे सारखे हिस्से. बँडमास्तराला दीड हिस्सा, बास ड्रम गळ्यात वाहणाऱ्या पोऱ्याला अर्धा. हाताने आखलेल्या रकान्यांत कितीएक वर्षांचा हा जमाखर्च होता, आणि शेवटच्या पानावर मामांनी स्वतःच्या हिश्शाची एकंदर बेरीज मांडून खाली सही केली होती.

भाच्याने ती बेरीज दोनदा वाचली, माझ्याकडे वही दिली, मीही वाचली. वालीवच्या शेडमध्ये त्याला तेवढे चार महिन्यांत मिळते.

“यात,” मामा वही परत घेत म्हणाले, “क्लॅरिनेटच्या रीडचा खर्च वजा केलेला नाही.”